मदत हवी आहे: घोडी ताडपत्रीवर पाय ठेवत नाही, क्लिनिक पुढच्या शनिवारी

रिकीबवाली
पुढच्या शनिवार-रविवारी रायडिंग क्लिनिक, म्हणजे घोडेस्वारीचं शिबिर आहे. विषय घोडा आणि स्वार यांची जोडी जमवण्याचा. पहिल्याच सकाळी अडथळे आहेत: निळी ताडपत्री, फळ्यांचा पूल, पताका. घोडी बाकी सगळं करते. ताडपत्री दिसली की थबकते, टाच दिली की मागे सरते आणि गर्रकन वळते. "तिचा तुझ्यावर विश्वास नाही" हे ऐकून कंटाळले आहे. विश्वास बसवायचा म्हणजे हातापायांनी नेमकं काय करायचं? "वेळ द्या" सोडून काहीही सांगा.

खरारा
जात, वय? हाताने धरून नेली तरी अडते की फक्त पाठीवर स्वार असताना? बिट, म्हणजे तोंडातला लगामाचा तुकडा, कोणता?

रिकीबवाली
काठेवाडी, सात वर्षांची. बिटचा इथे काय संबंध? प्रश्न ताडपत्रीचा आहे.

पागाप्रमुख
घोडी तुम्हाला जोखते आहे. दोन्ही टाचा, मागून चाबकाचा एक फटका आणि पार. एकदा वळू दिलंत की तिला कळलं, स्वार हरला. जुने स्वार असेच घोडे घडवायचे.

खरारा
प्रमुख, हरणं-जिंकणं घोड्याच्या डोक्यात नसतं. दाब कोणत्या क्षणी सुटला, तेवढंच तो लक्षात ठेवतो. ती वळली की ताईंची टाच आपोआप सुटत असणार, म्हणजे "वळलं की सुटका" हा धडा तिला रोज मिळतोय. वळू देऊ नका, हे तुमचं बरोबर. पण फटका मारलात तर ताडपत्री म्हणजे मार हे गणित पक्कं होईल, आणि पुढच्या खेपेला ती दहा फूट अलीकडेच थांबेल.

ताई, हाताने नेण्याचं उत्तर राहिलं.

रिकीबवाली
हाताने नेली तर वास घेते, एक पाय ठेवते, कधी कधी पूर्ण जाते. पाठीवर बसलं की नाही.

सह्याद्री_टाप
मग हे आधी सांगायचं ना! हाताने जाते म्हणजे भीती तेवढी मोठी नाही, वर बसल्यावर काहीतरी बदलतंय. लगाम किती आखूड धरता? डोकं वर जाऊ न देणारा पट्टा, म्हणजे मार्टिंगेल वगैरे?

जिनगर_नाशिक
हेल्मेट कोणतं वापरता? क्लिनिकला जाताना तीन ठिकाणी बांधलेला पट्टा असलेलंच घ्या. सायकलचं चालत नाही. डोक्यावर एकदा आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद करायचं.

रिकीबवाली
हेल्मेट आहे हो. लगाम आखूडच धरते, नाहीतर ती डोकं झटकून वळते. आणि वळताना डोकं वर फेकते म्हणून नाकपट्टीपासून तंगापर्यंत (खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्यापर्यंत) पट्टा बांधलाय.

सह्याद्री_टाप
हेच विचारत होतो. घोड्याला कपाळाच्या अगदी समोरचं आणि नाकाखालचं दिसत नाही. पायाजवळची वस्तू पाहायला त्याला मान खाली घालावी लागते. आखूड लगामाने तुम्ही तिची मान वर अडकवता, तो पट्टा आणखी वर जाऊ देत नाही, आणि खालून टाच सांगते "चल". पुढचा रस्ता बंद, वरचा बंद, पायाखालचं दिसत नाही. राहिलं काय? मागे जाणं. निळा रंग घोड्याला चांगला दिसतो, लाल-हिरव्यातला फरक मात्र नीट कळत नाही. तेव्हा ताडपत्री तिला लांबूनच दिसलेली असते.

खरारा
बरोबर. आता पायऱ्या. पट्टा काढा आणि पहिली फेरी जमिनीवरूनच, दोरीची मोरकी (बिट नसलेला तोंडपट्टा) आणि बारा फुटांची दोरी घेऊन. दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही, पदर घालून मुठीत धरायची. उभं राहायचं खांद्याच्या बाजूला, समोर नाही. बरेच घोडे चालत न जाता उडी मारून पार होतात, आणि समोर असाल तर ती उडी तुमच्या अंगावर येते.

एक ताडपत्री पसरू नका, दोन घ्या. सहा फूट अंतरावर समांतर ठेवा आणि मधल्या मातीवरून दोन्ही दिशांनी न्या. मग चार फूट, दोन फूट, शेवटी कडा जुळवा. कडा आत दुमडून वर वाळू ओढा. वाऱ्याने फडफडलं की केलेलं सगळं वाया, आणि कडेच्या लोखंडी कड्यांत नाल अडकला तर तिला जन्मभराची धास्ती.

ती थांबली तर ओढू नका. दोरीवर हलका ताण तेवढाच ठेवा, वाढवूही नका. कान पुढे गेले, वजन पुढच्या पायांवर आलं, मान खाली आली, यातलं काहीही दिसलं की त्याच सेकंदाला सैल. उशीर झाला तर तिला कळत नाही की सुटका कशाबद्दल मिळाली. मग मानेच्या बुडाशी, खोगिराच्या पुढे असलेल्या खांद्याच्या उंचवट्यावर खाजवा. तिथे खाजवल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. गाल थोपटण्यापेक्षा हे बरं.

गाजरवाला
एवढा व्याप कशाला? प्रत्येक पावलाला गाजराचा तुकडा.

खरारा
आणि शनिवारी क्लिनिकमध्ये ती ताडपत्रीऐवजी खिसे हुंगत बसेल. खाऊ द्यायचाच तर चारही पाय ताडपत्रीवर थांबल्यावर, हात लांब करून, तोही मान सरळ असताना.

गाजरवाला
खाऊने शिकलेली गोष्ट पक्की राहते. दाबाने घोडा बधिर होतो.

सह्याद्री_टाप
दाब सोडता येत नसेल तर बधिर होतो. खाऊसुद्धा चुकीच्या क्षणी दिला तर चावरेपणाच शिकवतो. भांडण क्षणाचं आहे, साधनाचं नाही. ताई, आणखी एक: तंग आवळताना कान मागे जातात का? कूस चावायला वळते का?

रिकीबवाली
कान जातात. घोड्यांना ती सवयच असते ना?

सह्याद्री_टाप
सवय नाही, तक्रार आहे. खोगिराखाली कापड न घालता पाहा: खांद्याच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा हवी, आणि कण्यावरची मधली पोकळी पुढून मागेपर्यंत मोकळी. तंग एका दमात आवळू नका, दोन भोकं, चार पावलं चालवणं, मग पुढचं. दात वर्षात एकदा तरी पाहिलेत का? आणि चारा कसा देता? घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होतं. तासन्‌तास वैरण नसली तर व्रण होऊ शकतात आणि टाच लागली की दुखू शकतं. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा हवा, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज पाच ते सात किलो. क्लिनिकच्या सकाळीही स्वारीआधी थोडी वैरण द्याच, रिकाम्या पोटी नेऊ नका.

तापीकाठ
काठेवाडी म्हणजे सारंगखेड्याच्या घोडेबाजारातली का? दत्तजयंतीच्या यात्रेत घेतलेली घोडी गर्दीला, ताशाला सरावलेली असते. काठेवाडीसारखी कानांची टोकं आत वळून भिडतात का? फोटो टाका.

रिकीबवाली
फोटो नंतर. पाठीवर बसून काय करू ते कुणी सांगेल का?

खरारा
जमिनीवर तीनदा सलग शांत गेली तरच बसा. घोडीच्या गळ्यात एक सैल पट्टा बांधा आणि तो धरा. उडी मारली तर तोंडाला झटका बसता कामा नये, नाहीतर पार होण्याची शिक्षा तिलाच. लगाम इतका लांब की नाक जमिनीपर्यंत जाईल. नजर पलीकडच्या झाडावर. पोटऱ्यांनी हलकं विचारा, पुढे जायचा विचार दिसला की पाय सैल. वळायला लागली तर पोटरी सोडू नका, ज्या बाजूला वळते त्याच्या उलट बाजूचा लगाम उघडून तोंड पुन्हा ताडपत्रीकडे, आणि मगच सैल. पंधरा मिनिटं बस. चांगल्या पावलावर थांबा, अजून एकदा नको.

शक्य असेल तर शांत घोडा पुढे ठेवा, दोन घोड्यांचं अंतर सोडून. आणि प्रशिक्षकांना सकाळीच सांगा की गरज पडली तर घोडी ताडपत्रीच्या बाजूने न्यायची मुभा हवी. चांगला प्रशिक्षक नाही म्हणत नाही.

पागाप्रमुख
एवढं करून शनिवारी अडली तर?

खरारा
तर ताडपत्रीपासून सहा फुटांवर उभी राहून मान खाली घालू दे. तोही गुणच.

जिनगर_नाशिक
गळ्याचा पट्टा म्हणजे जुन्या रिकिबीचा चामडी पट्टा चालेल. फक्त बकल वरच्या बाजूला येऊ द्या.