पोकलेन सेमी-लोबेडवर: कुंभार्ली येईपर्यंत साखळ्या सैल का पडतात?

लोबेड_कऱ्हाड:
२० टनी पोकलेन, ६०० मिमीच्या ट्रॅक प्लेट. सेमी-लोबेडवर (अवजड मशीन न्यायचा बुटका ट्रेलर) कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. निघताना साखळ्या वाजतील एवढ्या ताणतो. पाटणला पाहिलं तर अर्धा फेरा ढिल्या, तिथं पुन्हा आवळल्या तरी हेळवाकला परत झोल. पुढं दोन, मागं दोन, सगळ्या १० मिमी. ट्रॅकच्या प्लेटांवरून फिरवून बाजूच्या कड्यात अडकवतो, लिव्हरच्या बाइंडरला (साखळी आवळायचं साधन) पाइप घालून ताणतो. बूमवरून (मशीनचा मोठा हात) एक पट्टा. साखळी बदलू, की आणखी दोन वाढवू? घाटात गिअर आणि ब्रेक कसे सांभाळावेत तेही सांगा.

चेनब्लॉक:
साखळी बदलायच्या आधी बांधायची जागा बदला. (पायातल्या चेनला मी ट्रॅक म्हणतो आणि बांधायच्या चेनला साखळी, नाहीतर गोंधळ होईल.)

ट्रॅक ही पक्की वस्तू नाही. वरचा पदर दोन-तीन कॅरिअर रोलरवर (त्याला खालून आधार देणारी छोटी चाकं) लोंबत असतो. प्लेटवरून साखळी टाकून ताणली की तो पदर खाली दबतो आणि साखळी ताठ झाल्यासारखी वाटते. गाडी दोन-चार खड्ड्यांतून गेली की प्लेटा आपापल्या जागी बसतात, पिनांमधली मोकळीक निघते, प्लेटांमधला वाळलेला चिखल गळून पडतो आणि साखळीला तेवढी जागा मिळते. पाटणला जो अर्धा फेरा आवळता, तो हाच. साखळी खालच्या फ्रेमला, म्हणजे ट्रॅक फ्रेमच्या भोकांत किंवा ओढायच्या कड्यात शॅकल (यू आकाराची पिनवाली कडी) घालून अडकवा. तिथं हलणारं काही नाही. हायड्रॉलिकच्या नळीवरून किंवा सिलिंडरच्या चकचकीत रॉडवरून साखळी नेऊ नका. रॉडवर एक ओरखडा पडला तरी सील कापलं जातं.

दुसरं कारण बूम. इंजिन बंद झाल्यावर बूम-सिलिंडरमधून तेल थोडंथोडं झिरपतं आणि बकेट डेकपासून चार बोटं वर असेल तर तासाभरात ती बसते. बूम बसली की वरचा पट्टा ढिला. म्हणून आर्म (बूमच्या पुढचा हात) आणि बकेट पूर्ण आत घ्या, बकेटखाली लाकडी ठोकळा द्या, बूम त्यावर टेकवा, मगच इंजिन बंद करा. स्विंग लॉक (मशीनचा वरचा भाग फिरू न देणारा) असेल तर लावा, सेफ्टी लिव्हर (कंट्रोल बंद करणारा) वर करा, पट्टा सगळ्यात शेवटी.

तिसरं, पाइप. लिव्हर बाइंडर पाइप घालून ताणला की नेमका ताण किती आला ते हाताला कळत नाही, आणि सोडताना तोच पाइप तोंडावर येतो. रॅचेट बाइंडर (दांडा मागंपुढं करून स्क्रूनं आवळणारा) घ्या. उरलेली साखळी हँडलभोवती गुंडाळून तारेनं बांधा.

हिशोबी:
आता १० मिमीचा हिशोब. जोराचा ब्रेक लागल्यावर माल पुढं सरकू नये म्हणून वजनाच्या ०.८ पट जोर धरतात, बाजूला आणि मागं ०.५ पट. २० टनांना पुढच्या दिशेनं १६ टन.

लोखंडी ट्रॅक लोखंडी डेकवर, मध्ये चिखल-ग्रीस: घर्षण ०.१ च्या आसपास, म्हणजे जेमतेम २ टन तिथं अडतात. उरले १४, ते साखळ्यांनी धरायचे. आणि पुढं जाण्याला रोखणाऱ्या साखळ्या मशीनपासून मागच्या बाजूला ओढलेल्या असतात, म्हणजे तुमच्या चारपैकी दोनच.

ग्रेड ८० च्या १० मिमी साखळीची बांधण्याची क्षमता ६.३ टन. डेकशी ४५ अंशांत उभी चढत असेल तर आडवा जोर साधारण ४.४ टन, दोन्हींचा ८.८. खाली दाबण्यातून वाढणारं घर्षण धरूनही दहाच्या आतच. चार टन कमी पडले.

आता डेकवर लाकडी फळ्या घाला (घर्षण ०.३ धरू) आणि साखळी लांबच्या कड्याला नेऊन कोन ३० अंशांवर आणा. घर्षणानं ६ टन अडले, उरले १०. दोन साखळ्यांचा आडवा जोर १०.९, वर घर्षणाची भर दीड-दोन टन. साखळी थोडी तिरकी गेली तरी पुरतं. म्हणजे साखळी तीच, पण कोन आणि फळी बदलल्यानं पास-नापासचा फरक. तेवढ्यासाठी १३ मिमी (१० टन) घ्यायची तर घ्या, पण ती उचलून टाकणाऱ्याची कंबरही विचारात घ्या.

अट एकच: साखळी खरंच ग्रेड ८० हवी. कडीवर ८, ८० किंवा टी असा ठसा शोधा. बाजारातली साधी साखळी तेवढ्याच जाडीची दिसते, ताकद निम्मीही नसते. बाइंडर आणि शॅकलही त्याच तोलाचे हवेत.

घाटउतार:
फळ्यांबद्दल एक हरकत. कोयनेच्या पावसात भिजलेल्या, शेवाळलेल्या फळीवर ०.३ धरणं मला धाडसाचं वाटतं. रबराची मॅट महाग, पण ओल्यातही धरते. निदान ट्रॅक चढवण्याआधी चिखल खरवडून काढा. हे काम सगळे टाळतात.

घाटाचं सांगतो. गिअर माथ्यावरच ठरवायचा, उतारात नाही. चढताना जो गिअर लागला असता त्याच किंवा एक खालच्यात उतरा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) चालू ठेवा. पायाचा ब्रेक सतत घासत ठेवू नका. वेग वाढला की एकदा नीट दाबा, वेग पडला की सोडा. नुसत्या ट्रेलरच्या हँड-व्हॉल्व्हवर अख्खा घाट उतरणारे आहेत, त्यांचे ट्रेलरचे ब्रेक-लायनर घाटाखालच्या पोफळीपर्यंत वास मारतात. ब्रेकच्या हवेचा काटा उतरायला लागला तर वळण सुटल्यावर पहिल्या रुंद जागी थांबा, दाब फार पडला की स्प्रिंग ब्रेक स्वतः जाम होतो आणि तो वळणावर झाला तर दोन्ही बाजूंची रांग तुमच्या नावानं.

तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडा जातो. चाकाला ठोकळे लावून ड्रम आपोआप निवू द्या. आणि ठोकळ्याऐवजी दगड लावला असेल तर निघताना तो रस्त्यातून उचला, राव. रात्री मागून दुचाकीवाला येतो.

लोबेड_कऱ्हाड:
फ्रेमला भोकं आहेत, बघितली. पण साखळी तिथून घेतली की ३० अंशांत बसायला डेकवर मागं कडं नाही. मशीन पुढं घेऊ का?

हिशोबी:
नको. पुढं घेतलं की किंगपिनवर (ट्रेलर घोड्याला, म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या गाडीला, जोडणारी पिन) वजन जाऊन घोड्याच्या मागच्या एक्सलचा भार वाढतो. मागं घेतलं तर किंगपिन हलका होऊन घोड्याच्या चाकांची पकड कमी. एकदा काट्यावर एक्सलवार वजन करून जागा ठरवा, डेकच्या कडेला रेघ मारा, खडूची नको, रंगाची. कडं बीमला नवं वेल्ड करून घ्या, डेकच्या पत्र्याला नाही.

चेनब्लॉक:
मशीन चढवताना रॅम्पचा उतार १५ अंशांच्या आत, कासव मोडमध्ये (सगळ्यात हळू वेग), बूम चढाच्या दिशेला, रॅम्पवर वळवायचं नाही. पहिला तपास १०-१५ किमीवर करा, पाटणची वाट बघू नका. मग घाटमाथ्यावर आणि घाट संपल्यावर.

घाटउतार:
रुंदीचं कोणी बोललं नाही. ६०० मिमीच्या प्लेटांवर २० टनी मशीन २.८ मीटर, लांब ट्रॅकवालं जवळपास ३ मीटर. नियमातली मर्यादा २.६. म्हणजे वजन बसत असलं तरी माल ओडीसीच (ओव्हर डायमेन्शनल कार्गो, मापाबाहेरचा माल). परवाना, लाल झेंडे, चारही कोपऱ्यांना रिफ्लेक्टर, आणि परवान्यात लिहिलेल्या वेळेतच गाडी. गणपतीच्या दिवसांत चिपळूणच्या पुढं महामार्गावर जायचं असेल तर जड वाहनांच्या बंदीच्या तारखा आधी बघा, नाहीतर भाडं मशीनचं आणि मुक्काम रस्त्यावर.