मदत हवी आहे: मुंबई ते ट्युनिस, तिकीट स्वस्तात कसं पडेल?

मंडळी, दिवाळीनंतर आई-बाबांना ताईकडे ट्युनिसला पाठवायचंय. मुंबईहून थेट विमान नाही. दुबई, दोहा, इस्तंबूल नाहीतर कैरोला बदलावं लागतं. एजंट म्हणतो, मुंबई-दुबई आणि दुबई-ट्युनिस अशी दोन वेगळी तिकिटं काढा, स्वस्त पडेल. पण मग बॅगा दुबईत ताब्यात घ्यायच्या, त्यासाठी तिथला व्हिसा काढायचा, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरं तिकीट बुडीत! बाबांचे गुडघे बघता मला हे पटत नाही. इजिप्तएअरने कैरोमार्गे, एकाच तिकिटावर कुणी गेलंय का? मध्ये किती तास थांबावं लागलं? किती महिने आधी बुक केलं की बरं पडतं? व्हीलचेअर विमान बदलताना वेळेवर मिळते ना? आईची लोणच्याची बरणी असणारच, त्यावर चर्चा नको.