मदत हवी आहे: ही बुडालेली उधारी की फसवणूक?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, वडील आणि मी बघतो. दिवाळीआधी परगावचा एक व्यापारी आला. मोठ्या हॉटेलची ऑर्डर मिळाल्याचं पत्र दाखवलं, महिन्यात पैसे देतो म्हणाला. त्या पत्रावर विसंबून वडिलांनी ४०० डझन टॉवेल टेम्पोत भरून दिले. पुढे फोन लागेना, म्हणून मी हॉटेलात चौकशी केली. अशी ऑर्डर त्यांनी दिलीच नव्हती, पत्रावरचा शिक्काही त्यांचा नाही.

पोलीस म्हणतात, "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा."

जुनं कलम ४२० म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि दंड, एवढं मला कळलंय. नुसते पैसे थकले म्हणून ते लागत नाही. माल घेतानाच फसवायचा इरादा हवा, आणि त्या खोट्यावर विश्वास ठेवूनच माल दिलेला हवा. आमचं तर नेमकं तेच झालंय! पत्राचा फोटो आहे, चलनावर त्याची सही आहे.

अडचण एकच, मध्ये त्याने २०,००० रुपये पाठवले होते. त्यामुळे "इरादा नव्हता" असं तो म्हणू शकेल का? आणि आधी पोलीस आयुक्तांना लेखी तक्रार, मग मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, हाच क्रम ना?

वडील रोज रिकाम्या रॅकसमोर बसून राहतात, बघवत नाही. फौजदारी वकिली करणारं कुणी असेल तर कृपया सांगा.