टेक्सास: माझ्या नावावर वॉरंट आहे म्हणे, कुठल्या कोर्टाचं ते कसं शोधायचं? (अर्जंट)

अर्धवटराव
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय. काल लायसन्स रिन्यू करायला गेलो होतो (एच-१ म्हणजे नोकरीच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन आलं, लायसन्स जुन्या मुदतीपर्यंतचंच होतं). खिडकीवरच्या बाई म्हणाल्या की कोर्टाकडून होल्ड आहे, आधी तो काढून आणा. पुढे त्या बरंच काही बोलल्या, पण माझ्या डोक्यात फक्त 'वॉरंट' हा शब्द राहिला. रात्री मी राहतो त्या काउंटीच्या, म्हणजे डॅलसजवळच्या कॉलिनच्या, कोर्टाच्या साइटवर नाव टाकून तीनदा शोधलं. एकही नोंद नाही. मग हे बेंच वॉरंट आहे तरी कुठे? १९ तारखेला भारतात निघायचंय, मुंबईला व्हिसाचं स्टॅम्पिंग आहे. अनुभव असेल त्यांनी सांगा. उपदेश नको.

मुक्ता७९
कसलं वॉरंट? केलंत काय?

तात्या ह्यूस्टनकर
अजिबात घाबरू नका! हा सरळ सरळ फ्रॉड आहे. 'तुमच्या नावावर वॉरंट निघालंय, ताबडतोब गिफ्ट कार्ड घेऊन त्याचे नंबर सांगा' असे फोन माझ्या मेव्हण्याला दोनदा आलेत. कुठलंही कोर्ट गिफ्ट कार्डावर दंड घेत नाही. फोन सरळ कट करायचा.

अर्धवटराव
तात्या, फोन आलाच नाही. सरकारी ऑफिसात समोरासमोर सांगितलंय.

कढीपत्ता
कधी ट्रॅफिकचं तिकीट (दंडाची पावती) मिळालं होतं का? कुठल्या रस्त्यावर? थांबवलं कुणी: शहराच्या पोलिसाने, शेरीफच्या माणसाने (काउंटीचा पोलिस) की स्टेट ट्रूपरने (राज्याचा हायवे पोलिस)? हे कळल्याशिवाय कुणालाही काही सांगता येणार नाही.

अर्धवटराव
एक स्पीडिंगचं होतं, पण ते जुनं आहे. दोन वर्षांपूर्वी ऑस्टिनला जाताना. त्याचा इथे काय संबंध?

मुक्ता७९
अहो, त्याचाच तर संबंध आहे! भरलं होतं का ते?

अर्धवटराव
भरणारच होतो. तिकिटावर रक्कमच नव्हती. म्हटलं घरी पत्र येईल, मग भरू. पुढे अपार्टमेंट बदललं, मुलगी झाली, राहून गेलं. तिकिटाचा कागद आता सापडत नाही.

कढीपत्ता
हं. आता उलगडा झाला. सविस्तर लिहितो, कारण हा घोळ आपल्या बऱ्याच लोकांचा होतो.

टेक्सासमध्ये स्पीडिंग हा क्लास सी मिसडिमीनर आहे. म्हणजे शिक्षा फक्त दंडाची, पण खटला फौजदारी. तिकिटावर आपण जी सही करतो ती गुन्ह्याची कबुली नसते, अमुक तारखेपर्यंत कोर्टासमोर हजर होईन असं ते वचन असतं. ते मोडलं की वॉरंट निघू शकतं आणि वर 'हजर राहिला नाही' हा दुसरा गुन्हा लागू शकतो. आपल्याकडच्या ई-चलानसारखं गाडीच्या नंबरावर साचत राहत नाही.

दुसरं, खटला तुम्ही राहता तिथे चालत नाही, पकडलं तिथे चालतो. शहराच्या पोलिसाने दिलेलं तिकीट त्या शहराच्या म्युनिसिपल कोर्टात जातं. ट्रूपर किंवा शेरीफचं असेल तर त्या काउंटीतल्या जस्टिस ऑफ द पीस कोर्टात, म्हणजे जेपीकडे. डॅलसहून ऑस्टिनला आय-३५ हायवेने जाताना एलिस, हिल, मॅक्लेनन, फॉल्सचा एक कोपरा, बेल, विल्यमसन आणि ट्रॅव्हिस इतक्या काउंट्या लागतात, आणि प्रत्येकीत जेपी एकाहून जास्त असू शकतात. तुम्ही शोधत होतात कॉलिनमध्ये. सापडेल कसं?

वॉकोच्या आधी पकडलं की नंतर, एवढं तरी आठवतं का?

नाममात्र
एक दुरुस्ती. टेक्सासमध्ये याला बेंच वॉरंट म्हणत नाहीत. इथे बेंच वॉरंट म्हणजे तुरुंगातल्या कैद्याला कोर्टापुढे हजर करण्याचा हुकूम. निकाल लागण्याआधी हजर राहिला नाहीत तर निघतं ते एलियस वॉरंट, निकालानंतर दंड थकवलात तर कॅपियस प्रो फाइन. शब्द नेमका वापरला तर क्लार्कही नीट उत्तर देतो.

तात्या ह्यूस्टनकर
नाममात्र, माणूस बुडतोय आणि तुम्ही त्याला पाण्याचं रासायनिक सूत्र सांगताय.

शिरीष पुणेकर
वॉरंट रद्द करून घेणं फारसं अवघड नाही. स्वतः वकिलासोबत हजर राहून वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यायचा, गैरहजेरीचं कारण आणि पुरावा जोडायचा. कोर्ट बहुधा थोडी कॉस्ट लावून रद्द करतं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७० खाली यायचं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ७२. केस शोधायला ई-कोर्ट्सवर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर टाका. चेक बाउन्सच्या केसमध्ये मी स्वतः या सगळ्यातून गेलोय.

मुक्ता७९
शिरीषदादा, ते टेक्सासमध्ये आहेत हो.

शिरीष पुणेकर
माहीत आहे. कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

अर्धवटराव
वॉकोच्या आधी की नंतर खरंच आठवत नाही. मागे मुलं रडत होती. टोपीवाला होता.

कढीपत्ता
टोपी म्हणजे बहुतेक ट्रूपर. आता सोपा मार्ग. लायसन्सच्या ऑफिसात काही कागद दिला का?

अर्धवटराव
हो, एक दिलाय. गाडीत आहे. थांबा.

अर्धवटराव
त्यावर ऑम्नीबेस असं लिहिलंय आणि एक वेबसाइट आहे. मी जाहिरात समजलो होतो.

कढीपत्ता
धन्य आहात! गैरहजर लोकांची नावं कोर्टं तिकडेच कळवतात, म्हणूनच लायसन्स अडतं. त्या साइटवर लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख टाका. कोर्टाचं नाव, फोन आणि गुन्हे दिसतील. फक्त सगळी कोर्टं त्यात नसतात, त्यामुळे दुसरीकडेही काही थकलं नाही ना, हे एकदा आठवून बघा.

तात्या ह्यूस्टनकर
साइट बघा, पण स्वतः कोर्टात जाऊ नका. तिकिटांची कामं करणारा वकील गाठा. तो त्याच्या नावावर बाँड (हमी) भरतो, वॉरंट उठतं, केस पुन्हा तारखेला लागते, तुम्ही घरी. मी आजवर चार तिकिटं अशीच मिटवलीत.

कढीपत्ता
चार?! बरं, ते असो. पण प्रत्येक वेळी वकील लागतोच असं नाही. २०१७ मध्ये कायदा बदलला. अटक होण्याआधी माणूस आपण होऊन आला आणि प्रकरण मिटवायचा प्रामाणिक प्रयत्न केला, तर न्यायाधीशाने गैरहजेरीचं वॉरंट मागे घ्यायचं असतं. वॉरंट काढण्याआधी फोनने किंवा पत्राने कळवणंही बंधनकारक आहे. ते पत्र यांच्या जुन्या अपार्टमेंटला गेलं असणार. काय हो, पत्ता बदलल्यावर इमिग्रेशनला एआर-११ भरलात, पण लायसन्सवर ३० दिवसांत बदलायचा असतो तो बदललात का?

अर्धवटराव
नाही. उपदेश नको म्हटलं होतं.

तात्या ह्यूस्टनकर
कढीपत्ता, कायदा 'आपण होऊन आला' तर लागू. हे दोन तास गाडी चालवत जाणार, वाटेत दुसऱ्या टोपीवाल्याने थांबवलं तर? कॉम्प्युटरवर वॉरंट दिसणार, तोवर हे कोर्टात 'आलेले' नाहीत. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ग्रेट टेक्सास वॉरंट राउंडअप (वॉरंटवाल्यांची धरपकड मोहीम) असतो, तेव्हा पोलिस घरीसुद्धा येतात.

कढीपत्ता
हा मुद्दा मान्य. म्हणून आधी क्लार्कला फोन करायचा. कॉज नंबर (केसचा क्रमांक) काय, गैरहजेरीचा वेगळा गुन्हा लावलाय का, बाँड लागेल का, हे विचारायचं आणि वॉक-इनचा दिवस कुठला ते. आणि गाडी बायकोने चालवायची. यांचं लायसन्स संपलंय की नाही तेही यांनी अजून सांगितलेलं नाही.

अर्धवटराव
शुक्रवारी संपलं.

मुक्ता७९
कठीण आहे!

वैशाली_एडिसन
व्हिसाचं कुणी बोलतच नाहीये. डीएस-१६० मध्ये, म्हणजे व्हिसाच्या अर्जात, कधी अटक किंवा दोषसिद्धी झाली का, असं विचारतात. वॉरंट म्हणजे अटक नव्हे. पण घाईघाईत ऑनलाइन दंड भरून मोकळे होऊ नका. टेक्सासमध्ये नुसता दंड भरला तरी 'नो कॉन्टेस्ट' (आरोपाला विरोध नाही) धरून दोषसिद्धीची नोंद होते. एका स्पीडिंगने सहसा व्हिसा अडत नाही, तरी कागद घेऊन इमिग्रेशन वकिलाशी अर्धा तास बोला. मिटल्यावर कोर्टाच्या सही-शिक्क्याची प्रत घ्या आणि मुंबईला बरोबर न्या.

रानमेवा
माझ्या ओळखीच्या एकाचा व्हिसा भारतात जायच्या आधीच रद्द झाला, ईमेल आली.

वैशाली_एडिसन
दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली असेल. तसं २०१५ पासून करतात. इथे त्याचा संबंध नाही, उगाच घाबरवू नका.

रानमेवा
हो, दारूच होती.

कढीपत्ता
अर्धवटराव, वेग किती होता? ड्रायव्हिंग सेफ्टी कोर्स करून तिकीट उडवता येतं म्हणून विचारतोय.

अर्धवटराव
७५ च्या झोनमध्ये ९८. मर्यादेच्या वर २५ च्या आत आहे, म्हणजे चालेल ना?

नाममात्र
नाही. ९५ किंवा त्याहून जास्त असेल तर कोर्सचा हक्क नाही. शिवाय तो हजर राहण्याच्या तारखेपर्यंत मागायचा असतो, ती कधीच गेली. डिफर्ड डिस्पोझिशन मागा, म्हणजे निकाल काही काळ अटींवर पुढे ढकलणं. न्यायाधीशाच्या मर्जीवर आहे. तो काळ नीट काढला की केस डिसमिस होते.

वैशाली_एडिसन
डिफर्डमध्येही आधी सहसा कबुली किंवा 'नो कॉन्टेस्ट' द्यावी लागते आणि इमिग्रेशनच्या लेखी कधीकधी तीसुद्धा दोषसिद्धी धरतात. म्हणूनच वकिलाला विचारा म्हटलं.

शिरीष पुणेकर
९८ मैल म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. आमच्या एक्स्प्रेसवेवर १०० ची मर्यादा आहे.

तात्या ह्यूस्टनकर
आणि ती पाळतो कोण?

अर्धवटराव (आठवड्यानंतर)
साइटवर सापडलं. वॉकोच्या बरंच अलीकडे होतं. स्पीडिंग आणि गैरहजेरी, दोन गुन्हे. क्लार्कला फोन केला, बाई चांगल्या होत्या, मंगळवारी सकाळी या म्हणाल्या. बायकोने गाडी चालवली (मर्यादेत, आणि दर दहा मैलांवर मला ऐकवत). इमिग्रेशन वकिलाशी आदल्या दिवशी बोललो होतो. न्यायाधीशांनी पाच मिनिटांत वॉरंट मागे घेतलं, गैरहजेरीचा गुन्हा काढून टाकला, स्पीडिंगला ९० दिवस डिफर्ड. होल्डसाठी वेगळे १० डॉलर. सही-शिक्क्याच्या दोन प्रती घेतल्या. होल्ड उठल्याचं कोर्ट स्वतः कळवतं, पण त्याला काही दिवस लागतात. लायसन्सची नवी अपॉइंटमेंट भारतातून आल्यावरची मिळाली आहे.

कढीपत्ता
छान. ९० दिवसांची शेवटची तारीख फोनच्या कॅलेंडरात टाका. ती चुकली तर यावेळी कॅपियस निघेल.

नाममात्र
त्याआधी शो-कॉज (कारणे दाखवा) सुनावणीची नोटीस येते.

मुक्ता७९
कुठल्या पत्त्यावर?

अर्धवटराव
आज बदलतो.