१९११ चा रुपया: एवढ्याशा फरकाने भाव इतका का पडतो?

आजीच्या डब्यात पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया निघाला. व्यापारी म्हणाला, "एयू ५८ वाटतो, म्हणजे ७० पैकी ५८ दर्जाचा, जेमतेम वापरलेला. एमएस ६३, म्हणजे अजिबात न वापरलेला, असता तर कितीतरी पट मिळाले असते." मला काहीच फरक दिसत नाही. चिंचेने घासून बघू का?

↳ राजाच्या झग्यावरचा हत्ती भिंगातून बघा. लोकांना तो डुकरासारखा वाटला, म्हणून नाणी परत घेऊन वितळवली. उरलेल्यांत न वापरलेली फारच थोडी. भुवई, गाल हे उंचवटे आधी झिजतात. तिथली झळाळी गेली की नाणं वापरलेलं ठरतं.

↳ चिंच अजिबात नको! मी वडिलांचा रुपया रांगोळीने घासला. तिरप्या उजेडात ओरखडे अजून दिसतात. "साफ केलेलं" असा दर्जा तपासणाऱ्यांचा शेरा आला, दर्जाचा आकडा मिळालाच नाही.