झाड तोडल्यावर बदल्यात काय लावलं? पुणेकरांनो, अनुभव सांगा

मंडळी,

आमच्या एरंडवण्यातल्या सोसायटीतला गुलमोहर गेल्या वर्षी पाडावा लागला. मी तेव्हा सेक्रेटरी, त्यामुळे सगळे कागद माझ्याच हातून गेले. अर्ज, सभेचा ठराव, चारी बाजूंचे फोटो. उद्यान विभागाची माणसं येऊन बघून गेली, नोटीस लागली, हरकतीची मुदत सरली, अनामत भरली. मग एका सकाळी नऊला करवत सुरू झाली आणि जेवणाच्या आत टेम्पो भरून निघूनही गेला.

परवानगीपत्रात बदल्यात लावायच्या झाडांचा आकडा होता. तो ऐकून आमचे चेअरमन म्हणाले, "अहो, आपल्याला पार्किंग हवंय की जंगल?"

परवानगी कशी मिळवायची ते कुणीही सांगतं. मला पुढचं ऐकायचंय. बदल्यात लावलेलं झाड आज कुठे आहे? जगलं का? खासगी जागेतल्या झाडांचे अनुभव लिहा, फजितीसकट. माझी फजिती शेवटी सांगते.

कोथरूडचा आजोबा

आमचा बंगला 1983 चा. कुंपणाला लागून कडुनिंब, त्याच्या मुळांनी शेजाऱ्यांची भिंत फुगली. शेजारी रोज सकाळी पेपर उचलताना भिंतीला हात लावून माझ्याकडे बघायचे. शेवटी तोडायचा अर्ज केला.

नोटीस झाडावरच लावतात हे मला माहीत नव्हतं. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद सुतळीने बुंध्याला बांधला होता. समोरच्या काकूंनी तो वाचून हरकत घेतली. तीन पानी! त्या झाडावर तांबट येतो, त्यांच्या नातवाचा दमा, सगळं त्यात. मी चिडलो. पण पाहणीला आलेल्या माणसाने शांतपणे विचारलं, "काका, भिंत तिथून चार फूट मोडून मुळाभोवती वळसा देऊन बांधली तर?" भिंतीचा खर्च शेजाऱ्यांनी आणि मी अर्धा अर्धा केला. जड फांद्यांच्या छाटणीची परवानगी वेगळी घेतली. कडुनिंब उभा आहे. शेजारी आता भिंतीला हात लावत नाहीत, काकू मात्र अजून माझ्याशी बोलत नाहीत.

गच्चीवरची सौदामिनी

नारळालासुद्धा परवानगी लागते का? कुणीतरी नाही म्हणालं होतं.

कोथरूडचा आजोबा

लागते हो. ज्याने नाही म्हटलं त्यालाच अर्ज भरायला लावा.

बिबवेवाडीचा बेपत्ता

माझी कबुली. आम्ही परवानगी न घेता छाटलं. सोलर पॅनलवर सावली येते म्हणून बाबांनी ओळखीच्या माणसाकडून आंब्याचा वरचा सगळा भाग उतरवला. "बुंधा ठेवलाय ना, मग झाड तोडलं कुठे?" हा त्यांचा युक्तिवाद. झाडांच्या संरक्षणाच्या 1975 च्या राज्य कायद्यात तोडणे याचा अर्थ केवळ बुंध्यातून कापणे एवढाच नाही, जाळणं, इजा करणंही त्यात येतं, हे आम्हाला तक्रार झाल्यावर कळलं. दंड भरला. बाबा पावती घेऊन आले आणि न जेवता झोपले.

खुंटाला पावसात लालसर पालवी फुटली होती, आम्ही खूश झालो. दोन वर्षांनी साल सुटायला लागली, आत भुसा आणि खोडकिड्याची भोकं. आता तो वाळला आहे आणि तो काढायला रीतसर अर्ज केलाय. अर्जात झाड वाळण्याचं कारण लिहायची जागा आहे. बाबांनी तिथे "वयोमानानुसार" लिहिलं. मी खोडून "अयोग्य छाटणी" केलं.

सहकारनगर तिसरा मजला

आमचं रिडेव्हलपमेंट. त्याच कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनंतर झाडाचं जितकं वय तितकी झाडं बदल्यात लावायची, तीही सहा ते आठ फूट उंचीची. वय ठरवताना छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर मोजतात. पर्जन्यवृक्षाभोवती टेप फिरताना आमचे बिल्डरसाहेब चेहरा घट्ट धरून उभे होते. हे झाड भराभर घेर धरतं, त्यामुळे तिथला आकडा ऐकून त्यांना घाम फुटला.

आता खरी गोष्ट. प्लॉट तेवढाच, त्यात तळघराचं पार्किंग. म्हणजे बहुतेक जमिनीखाली माती नाहीच, स्लॅब आहे. सगळी झाडं मागच्या कुंपणाशी दीड-दीड फुटावर लावली, कांचन, बहावा, सप्तपर्णी, जे टेम्पोत आलं ते. फोटो काढले तेव्हा ती झाडं कमी आणि लग्नाच्या दारातली पानाफुलांची सजावट जास्त वाटत होती. पहिल्या उन्हाळ्यात निम्मी गेली. उरलेल्यांनी एकमेकांना ढकलत उंची गाठली आहे, खोडं माझ्या मनगटाएवढी. मी कमिटीत होतो, सहीही माझीच आहे. अंतराचं मला तेव्हा सुचलं नाही असं नाही, ताबा लांबेल म्हणून गप्प बसलो.

पेठेतली पार्वती

आमच्या जुन्या वाड्याच्या चौकात औदुंबर होता. वाडा पाडायचा ठरला, परवानगीही आली. पण करवतवाला झाड बघून मागे सरला. "दत्ताचं झाड आहे, मी कोयता लावणार नाही." दुसरा आणला, त्याने हळदकुंकू आणि नारळ मागितला. आमच्या आत्याबाईंनी नारळ द्यायचं नाकारलं, म्हणाल्या, पूजा करून मारायचं हे मला जमणार नाही.

मग पुनर्रोपणाची परवानगी घेतली. वड-उंबराच्या जातीची झाडं हलवणं सोसतात. आधी बुंध्याभोवती चर खणून मुळं छाटली, नवी तंतुमुळं फुटायला वेळ दिला, फांद्या उतरवल्या, मुळाचा गोळा गोणपाटात बांधला आणि पावसाळ्याच्या तोंडावर क्रेनने आमच्याच पाषाणच्या प्लॉटवर नेला. दोन महिने नुसता खांब. आत्याबाई रिक्षाने जाऊन खोडाला नखाने खरवडून बघायच्या, आत हिरवं आहे का. श्रावणात एका बाजूला पानं आली. दुसरी बाजू अजून बोडकी आहे, पण उंबरं लागली.

निवृत्त माळी नव्हे, निवृत्त बागकाम अधिकारी

थोडं तांत्रिक लिहितो, सवयच आहे.

परवानगीनंतर लावलेली झाडं मरतात ती बहुतेक खड्ड्यात मरतात. पुण्यात कोथरूड, सहकारनगर, पाषाण अशा टेकड्यांच्या पायथ्याला फावडं टाकलं की मुरूम लागतो. पोरं दीड फूट खणून थांबतात, रोप पिशवीसकट ठेवतात (मी स्वतः काळी पिशवी घातलेलं मेलेलं ताम्हण उपसलं आहे, मुळं आतल्या आत गोल फिरलेली), वरून बांधकामाचा राडारोडा लोटतात. तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डा, पोयट्याची माती, शेणखत. बुंध्याभोवती निदान एक मीटर माती उघडी. पेव्हर ब्लॉक खोडाला चिकटवू नका. काठीचा आधार द्या, पण दोर वर्षाने सैल करा. लोखंडी जाळी वेळेत काढली नाही तर खोड ती गिळतं, मग दोन्ही वेगळं करता येत नाही.

पाणी पावसाळ्यात कुणीही घालतं, वरुणराजा घालतो. फेब्रुवारी ते मे, पहिली तीन वर्षं, हे काम नाव लिहून कुणाच्या तरी गळ्यात बांधा. रोपं उरुळी कांचनकडे भरपूर मिळतात. फार उंच, सडपातळ रोप घेऊ नका, कमी उंचीचं जाड खोडाचं घ्या. कायद्याला उंची हवी, झाडाला घेर, मधला मार्ग शोधा.

आणि पाडण्याआधी बुंध्याशी बघा. अर्धवट छत्रीसारखी तपकिरी, कडक बुरशी दिसली तर आत मूळ सडलेलं असण्याची दाट शक्यता. वरून पानं हिरवी असतात म्हणून फसू नका. असं झाड वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात आडवं होतं.

वानवडीची वाट

वरचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे तेच झालं, बुरशी होती, मुलं तिला "बिस्कीट" म्हणायची. पीतमोहर पडला तो दोन स्कूटरींवर. 101 ला फोन केला, अग्निशमनवाले येऊन कापून गेले. रस्त्यावर पिवळ्या पाकळ्यांचा सडा आणि मध्ये चेपलेलं हेल्मेट. माणूस वाचला, तो दूध आणायला गेला होता.

एरंडवण्याची सेक्रेटरी (माजी)

सगळ्यांचे आभार. आता माझी फजिती.

आमच्या वाट्याच्या झाडांपैकी काही पलीकडच्या पडीक तुकड्यावर लावली, काही आवारात. आवारातल्या बकुळीला मी स्वतः पाणी घालत होते. मार्चमध्ये आठ दिवस मुलीकडे बेंगळुरूला गेले. सुरक्षारक्षकाला सांगून गेले, "रोज एक बादली." परत आले तर बकूळ वाळलेली. तो म्हणाला, "मॅडम, रोज घातली." बादली उचलून बघितली तर तिच्यात लादी पुसायचं फिनेलचं पाणी.

आता नवीन बकूळ लावली आहे, काळी पिशवी फाडून. बाजूला मोठ्या अक्षरात पाटी लावली, "साधं पाणी". चेअरमन म्हणतात, पाटी जरा मोठी झाली.