नाताळचा फ्रूट केक: प्रमाणं, भाजणी, सजावट (अनुभव धागा, ठाणे-नवी मुंबई)

पाचपाखाडीकर

फ्रूट केकबद्दल दर डिसेंबरात तेच तीन प्रश्न येतात. फळं तळाशी का बसली, मधे कच्चा का राहिला आणि आठवड्यात बुरशी का आली. तिन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणीच असतं: फळांतलं, लोण्यातलं, नाहीतर झाकणाखाली साचलेलं. म्हणून हा धागा. "मस्त होतो, करून बघा" एवढंच लिहू नका. ग्रॅम, तापमान, टिनचा आकार आणि काय बिघडतं ते लिहा.

बोलायला एक पाया असावा म्हणून हे प्रमाण. ८ इंची गोल, ३ इंच उंच टिनसाठी बटर २०० ग्रॅम, ब्राउन शुगर २००, अंडी ४ (कवचाशिवाय साधारण २०० ग्रॅम), मैदा २२५, बदामाची पूड ५०, बेकिंग पावडर अर्धा टीस्पून, भिजवून निथळलेली फळं ६०० आणि काजू-अक्रोडाचे तुकडे १००. मसाल्यात दालचिनी दीड टीस्पून, सुंठ अर्धा, जायफळ अर्धा, लवंगेची पूड पाव. लवंग वाढली की जीभ बधिर होते आणि बाकी काही लागत नाही. १५० अंशांवर दोन ते अडीच तास.

मसालागल्ली

आधी फळं. वाशीच्या एपीएमसीत (घाऊक बाजार समितीत) मसाला मार्केटला सुकामेवा किलोच्या हिशेबात घ्यावा लागतो, तेव्हा दोन-तीन घरांनी मिळून गेलेलं बरं. ठाण्यात जांभळी नाक्यावर पाव-पाव किलो सुटा मिळतो. बेदाणे दोन प्रकारचे घ्या, सोनेरी आणि काळे. काळ्या मनुका बिनबियांच्याच. बीवाल्या स्वस्त पडतात, पण अर्धा किलोच्या बिया काढताना संध्याकाळ जाते आणि चार राहतातच.

आपल्याकडचे हिरवे-सोनेरी बेदाणे वाळवण्याआधी तेल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढतात, त्यामुळे सालावर तेलकटपणा असतो. कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवा, सुती पंचावर पसरून पंख्याखाली चार तास ठेवा. हाताला कोरडे लागेपर्यंत बरणीत घालू नका.

टूटी-फ्रुटी म्हणजे पाकातली कच्ची पपई, वर रंग. ती रममध्ये भिजत टाकली तर रंग सुटतो आणि सगळी फळं लालसर होतात. ती भाजायच्या दिवशीच घाला, तीही ७५ ग्रॅमच्या वर नको. पाकातल्या चेरी धुवून पुसून अर्ध्या कापा. अख्खी चेरी गुळगुळीत आणि जड, वर पाक चिकटलेला. तळाशी पहिली तीच जाते.

खाडीपलीकडे

भिजवणं. एक किलो मिश्र फळांना ४०० मिली डार्क रम. ओल्ड मंकच काय, कुठलीही चालेल, महागडी वाया घालवू नका. काचेची किंवा चिनी मातीची बरणी घ्या, स्टीलचा डबा महिनाभरासाठी नको. फळं बेदाण्याएवढी चिरा, कारण जर्दाळू आणि अंजिराचे मोठे तुकडे राहिले की कापताना केक तिथेच फुटतो. दर दोन-तीन दिवसांनी कोरड्या चमच्याने खाली-वर करा. तीन ते चार आठवडे पुरतात. नट्स बरणीत घालू नका, मऊ पडतात.

भाजायच्या आदल्या रात्री फळं चाळणीत निथळत ठेवा आणि वजन निथळल्यावर करा. खाली जमलेली रम फेकू नका, पुढे केकवर शिंपडायला लागते.

ऐरोली_ओव्हन

महिनाभर भिजवलंच पाहिजे हे मला पटत नाही. रमला चव मुरायला वेळ लागतो हे खरं, पण फळ फुगायला महिना लागत नाही. बिनदारूचं करायचं तर ६०० ग्रॅम फळं, १५० मिली संत्र्याचा रस, एका संत्र्याची किसलेली साल आणि ५० ग्रॅम साखर जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. रस आटून फळं चकाकायला लागली की बंद, दहा-बारा मिनिटं. झाकून रात्रभर ठेवा, सकाळी वापरा. लगेच वापरायचं नसेल तर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, पुढे नको. रस घातलेली बरणी ओट्यावर ठेवली तर आंबते. झाकण उघडताना फुस्स आवाज आला आणि वर बुडबुडे दिसले तर ती टाकून द्या.

खाडीपलीकडे

@ऐरोली_ओव्हन, गरम पद्धत मान्य, पण तो केक जानेवारीत कापून बघा आणि रमवाला कापून बघा. मग बोलू.

नौपाडा_नागपुरी

संत्र्याची साल विकतची घेऊ नका, डिसेंबरात नागपुरी संत्री बाजारात असतातच. साल सैल असते, पांढरा भाग पातळ, त्यामुळे काम सोपं. चार संत्र्यांच्या सालींच्या बारीक पट्ट्या करून तीनदा उकळा, दर वेळी पाणी बदला, नाहीतर कडू. मग साखर-पाणी समसमान घेऊन मंद आचेवर अर्धा-पाऊण तास, पट्टी पारदर्शक दिसेपर्यंत. जाळीवर वाळवा. उरलेला पाक चहात घालू नका, पण केकवर ब्रशने लावायला उत्तम.

बेलापूरची माई

पिठाकडे येऊ. अमूलचं पिवळं बटर खारं असतं, तेव्हा वेगळं मीठ घालू नका. घरच्या सायीच्या लोण्यात पाणी जास्त आणि थोडा आंबटपणा, ते या केकला नको. बटर बोट सहज रुतेल इतकं मऊ हवं, पातळ नव्हे. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी ओट्यावर ते तासाभरात तुपासारखं होतं. असं बटर फेटून हवा धरत नाही. सकाळी फेटा.

बटर-साखर सात-आठ मिनिटं फेटून रंग फिकट झाला की अंडी एकेक करून. अंडी फ्रीजमधून थेट घातली की मिश्रण फाटतं, दह्यासारखे कण दिसतात. फाटलं तर घाबरू नका, दोन चमचे मैदा घालून पुढे चला. मैदा घातल्यावर मात्र फेटायचं नाही, उलथन्याने खालून वर. जास्त फेटलं की केक रबरी होतो आणि मधे बोगदे पडतात.

फळं बसू नयेत म्हणून सगळे "मैद्यात घोळवा" सांगतात. त्याने थोडा फरक पडतो. खरा फरक मिश्रणाच्या घट्टपणाने पडतो. चमचा उलटा धरला तर गोळा हळूहळू, जड असा पडला पाहिजे. धारेने पडत असेल तर कितीही घोळवा, फळं खालीच. आणि बेकिंग पावडर वाढवू नका. मिश्रण झपाट्याने फुगतं, सैल पडतं, फळांना आधार राहत नाही.

ब्राउन शुगरऐवजी चिक्कीचा नसलेला कोल्हापुरी गूळ किसून निम्म्यापर्यंत चालतो. पूर्ण गूळ घातला तर ओल वाढते, केक चिकट लागतो.

ठाणेपूर्व_२८लिटर

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) वाल्यांसाठी. ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका. १५० वर लावलं की आत १७० असणं अगदी नेहमीचं. आत ठेवायचा थर्मामीटर घ्या. लहान ओव्हनमध्ये तापणाऱ्या सळ्या टिनच्या फार जवळ असतात, म्हणून कडा जळतात आणि मध्य कच्चा राहतो.

टिनला आतून बटर पेपरचे दोन थर, कडांना टिनच्या वर दोन इंच उभे. बाहेरून वर्तमानपत्राची चार घड्यांची पट्टी सुतळीने बांधा, सळईला टेकणार नाही हे बघून. १५० ला कागद पेटत नाही, पण सळईला टेकला तर काळा पडून धूर येतो. टिन जाळीवर मधल्याच्या एक खाली. मिश्रण ओतल्यावर मधे चमच्याच्या पाठीने उथळ खड्डा करा, भाजून वर सपाट येईल. सजवायचा असेल तर हे हवंच.

पाऊण-एक तासाने वरचा रंग आला की फॉइल सैल झाका. त्याआधी दार उघडलं तर मध्य बसू शकतो. झाला की नाही हे विणायच्या सुईने दोन-तीन ठिकाणी बघा, फळात गेली तर सुई ओलीच येते आणि फसवते. पदार्थात खुपसायचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६ ते ९८ अंश. कान लावला तर कच्च्या केकमधून चुरचुर आवाज येतो, झालेला जवळजवळ गप्प असतो.

वर भेग पडून डोंगर आला म्हणजे ओव्हन जास्त तापला होता.

कळवा_कुकर

ओव्हन नसेल तर कुकर. पण ८ इंची टिन त्यात नको, वरील प्रमाण निम्मं करून ५ इंची दोन टिन करा आणि एकापाठोपाठ भाजा. शिट्टी आणि रबर काढायचं, तळाशी दोन वाट्या मीठ, वर स्टँड, दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून मग टिन. पुढे अगदी बारीक आच, सत्तर-ऐंशी मिनिटं. झाकणाला आतून पाणी सुटतं आणि केकवर टपकतं, म्हणून टिनवर फॉइल. रंग फिका येतो, तो कॅरॅमलने भरून काढा.

नेरूळ_पश्चिम

कॅरॅमलचं मी लिहिते. आमच्या भागात मल्याळी घरं भरपूर, त्यामुळे इथे प्लम केक म्हटलं की केरळी गडद केकच. १८८३ साली तलश्शेरीत मांबळ्ळी बापू यांनी मर्डॉक ब्राउन या मळेवाल्यासाठी केलेला केक भारतातला पहिला नाताळ केक म्हणून सांगतात. ब्रँडीऐवजी त्यात काजूबोंडं आणि केळ्यांची गावठी दारू होती म्हणे.

१५० ग्रॅम साखर कोरडीच जाड पातेल्यात, मध्यम आच, ढवळायचं नाही, पातेलं फिरवायचं. आधी मधासारखा रंग येतो. इथे थांबलात तर केक पिवळट होतो आणि मग लोक कोको घालतात. पुढे जा. तांब्यासारखा गडद झाला, बारीक फेस आणि धुराची पहिली रेघ दिसली की गॅस बंद, लगेच १२० मिली उकळतं पाणी हात लांब धरून थोडं थोडं. पाणी थंड असेल तर जोरात उडतं आणि साखर दगड होते. दगड झाली तर पुन्हा मंद आचेवर विरघळवा. धूर दाट झाला असेल तर मात्र जळली, सगळ्या केकला कडवटपणा देईल, टाका. पूर्ण थंड करून १०० मिलीच मिश्रणात घाला आणि मैदा ३० ग्रॅम वाढवा, नाहीतर परत तेच, फळं खाली.

घणसोली_शाकाहारी

अंड्याशिवाय: मिल्कमेड (आटवलेलं गोड दूध) ४०० ग्रॅम, मैदा २५०, बटर १२५, दूध १५० मिली, बेकिंग पावडर १ टीस्पून, सोडा अर्धा, व्हिनेगर १ टेबलस्पून शेवटी, फळं ४००, त्याहून जास्त नको. अंड्याची पकड नसते, जास्त फळं झाली की काप विस्कटतो. १६० अंश, तास ते सव्वा तास. वेगळी साखर नाही. हा केक मुरवायचा नाही, चार-पाच दिवसांत संपवा, नंतर फ्रीजमध्ये.

पाचपाखाडीकर

टिकवण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. केक टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्या, रात्रभर. कोमट असताना गुंडाळला की आत वाफ धरते, बुरशीची सुरुवात तिथेच. मग आधी बटर पेपर, वर फॉइल. फॉइल थेट लावली तर फळांच्या आंबटपणाने तिला भोकं पडतात. घट्ट डब्यात, ओट्यापासून दूर. आठवड्यातून एकदा सुईने टोचे मारून दोन टेबलस्पून रम, वरून एकदा, पुढच्या वेळी उलटा करून. यापेक्षा जास्त ओतली तर मध्य गिच्च होतो. रसावर केलेल्या केकला पुन्हा रस पाजू नका, ती बुरशीलाच मेजवानी.

आणि भाजल्या दिवशी कापू नका. निदान एक दिवस, रमवाला असेल तर दहा. दाते असलेली सुरी घ्या.

वसंतविहार_आयसिंग

सजावट. २४ तारखेला हवा असेल तर १९-२० ला मार्झिपॅन (बदाम-साखरेचा गोळा, लाटून लावायचा) लावा. २०० ग्रॅम बदामपूड, २०० ग्रॅम आयसिंग शुगर, एका अंड्याचा पांढरा भाग लागेल तसा. बदाम घरी दळत असाल तर साखरेसोबत थांबून थांबून दळा, सलग मिक्सर चालला की तेल सुटतं. काजूचा करायचा तर २०० ग्रॅम साखर ७० मिली पाण्यात एकतारी पाक करून त्यात २०० ग्रॅम काजूपूड, गोळा सुटेपर्यंत परतायचं, उतरवून थोडं गुलाबपाणी. थोडक्यात काजूकतली, जरा मऊ. ८ इंची केकला फक्त वरून लावायला २५० ग्रॅम, बाजूंसकट ६०० ग्रॅम लागतो.

जर्दाळूचा जॅम उकळून गाळून आधी केकवर लावा, तो गोंद. मार्झिपॅन लावून दोन दिवस उघड्यावर, जाळीखाली सुकवा. घाई केली तर त्याचं तेल पांढऱ्या आयसिंगवर पिवळे डाग पाडतं, आणि ते झाकता येत नाहीत.

रॉयल आयसिंगला (सुकून कडक होणारं पांढरं आयसिंग) तीन टेबलस्पून मेरिंग पावडर (अंड्याच्या पांढऱ्याची सुकी पूड), ८० मिली पाणी, ४५० ग्रॅम आयसिंग शुगर, लिंबाचे चार थेंब, ग्लिसरीन १ टीस्पून. ग्लिसरीन विसरलात तर सुरी चालत नाही. बर्फासारखे टोकदार उंचवटे हवेत तर उलथनं टेकवून उचला. काम करताना भांड्यावर ओलं फडकं, नाहीतर वर पापुद्रा येऊन पायपिंगच्या नळीत अडकतो.

फाँडंट (साखरेचा लाटून लावायचा मऊ थर) लावलात तर केक फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच घाम सुटतो, रंग ओघळतात.

तुर्भे_नवशिका

माझा टिन ६ इंची आहे. प्रमाण निम्मं करू का? आणि सजवलेला केक स्कूटरवरून घोडबंदरला न्यायचाय.

ठाणेपूर्व_२८लिटर

निम्म्याहून किंचित जास्त, ०.५६ पट. दोन अंडी घ्या, बाकी सगळं निम्मं, टिनमध्ये किंचित कमी भरेल इतकंच. वेळ दीड तासापासून बघायला लागा. ७ इंचीला ०.७७, ९ इंचीला सव्वा पट. ८ इंची चौकोनी टिन म्हणजे ९ इंची गोल धरा.

वसंतविहार_आयसिंग

स्कूटरवर रॉयल आयसिंग नको, घोडबंदरच्या खड्ड्यांत कडा उडणार. फक्त मार्झिपॅनची चकती आणि वर जॅम लावून बदाम, चेरी, संत्र्याची साल चिकटवून न्या. खोक्यात खाली न घसरणारी रबराची जाळी, केकचा पुठ्ठा खोक्याला दोन बाजूंनी टेपने पक्का, आणि खोकं पायाशी. मांडीवर धरलं की तिरकं होतं.